मफण्णाच्या मागं मागं

काळ्या पिशव्यांचं शेवटचं भेंडोळं संपलं त्या सकाळी महारुद्र टेकाळे सर माळावर उभे राहून धुकं बघत होते. खरं तर त्यांनी बघायला हवं होतं खाली, पायाशी. पण सरांचा स्वभावच असा, की खाली बघायची वेळ आली की त्यांची नजर हमखास वर जाते. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला मार्गशीर्षातलं धुकं सहजासहजी सोडत नाही. चिंचेची झाडं बुंध्यापासून सुटून वरच्यावर तरंगत होती. ज्वारीचं शेत होतंही आणि नव्हतंही. आणि त्या सगळ्यात मफिन नावाचं पांढरट करड्या केसांचं कुत्रं आपला कार्यक्रम उरकून, मागचे पाय झाडून, अगदी निर्विकारपणे धुक्यात विरघळून गेलं होतं. सरांनी खिशात हात घातला. नुसती पुठ्ठ्याची नळी हाताला लागली.

गावाचं नाव सांगत नाही. कळंबहून एसटीनं निघालं की वाटेत लागतं, एवढं पुरे. गावातली माणसं वाचतात, आणि जी वाचत नाहीत त्यांना वाचणाऱ्यांच्या आधी कळतं.

मफिन हा सरांच्या मुलीचा, हर्षालीचा कुत्रा. तिला जर्मनीत नोकरी लागली आणि जाताना ती त्याला आईवडिलांकडं ठेवून गेली. सोबत त्याचं अंथरूण, केस विंचरायचा ब्रश आणि त्या पिशव्या. विमानतळावरून तिचा फोन आला. आता लेक काहीतरी हळवं बोलेल म्हणून त्यांनी फोन कानाला घट्ट लावला. लेक म्हणाली, "पप्पा, तिथंच टाकून यायचं नाही. उचलायचं, गाठ मारायची, हात साबणानं धुवायचे." परदेशी निघालेल्या मुलीचे निरोपाचे शब्द म्हणून सरांनी ते मनात जपून ठेवले.

सरांच्या पत्नी शिवकांताबाईंनी कुत्र्याला घरात घेतलं, पण अट घालून. बाईंचं घर म्हणजे तांब्यात तोंड बघून भांग पाडावा असं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी त्याचं काही करणार नाही. तुम्ही आणि ते. आणि गावातनं एक जरी तक्रार आली ना, तर हर्षूला सांगून पुण्याच्या त्या संस्थेत पाठवीन. तिथं दत्तक देतात म्हणं." 'ते' म्हणजे मफिन. त्याचं नाव बाईंच्या तोंडून कधी निघालं नाही. बाकी गावाला ते नाव उच्चारायला अवघड गेलं, म्हणून गावानं आपल्या सोयीनं त्याचा मफण्णा केला होता.

इथं एक गोष्ट सरळ सांगून टाकतो, कारण सर स्वतः ती कधी सांगायचे नाहीत. निवृत्त झाल्यापासून सरांचे ब्रश वाळून काडी झाले होते. सकाळी उठायचं कशाला, हे त्यांना कळेनासं झालं होतं. मफिन आला आणि पहाटे त्यांचा हात ओला करून त्यांना उठवायला लागला. त्याच्या मागं मागं सर माळावर जायला लागले, आणि धुक्यात किती प्रकारचा पांढरा असतो ते त्यांना पुन्हा दिसायला लागलं. त्या कुत्र्यावर त्यांचा जीव जडला होता. तो गेला असता तर सर पुन्हा अंथरुणात पडून पंखा बघत बसले असते. म्हणून तक्रार येता कामा नव्हती, एकही.

सर थेट बसवेशच्या जनरल स्टोअरमध्ये गेले. बसवेशकडं सुतळीपासून शाम्पूपर्यंत सगळं मिळतं. पण सरांपुढं भाषेचा प्रश्न उभा राहिला. मागायचं ते काय म्हणून मागायचं? दुकानात दोन बायका साबण निवडत होत्या. सरांनी आवाज खाली आणून सभ्य शब्द शोधला.

"प्रातर्विधीच्या पिशव्या आहेत का?"

बसवेशनं सरांकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत करुणा दाटली. तो आत गेला आणि मोठ्या माणसांच्या डायपरचा पुडा घेऊन आला.

"साइज कुठली देऊ सर? तुमाला का बाईंना?"

सर म्हणाले, "तसं नाही रे." पण कसं ते दोन बायकांसमोर सांगायचा धीर होईना, आणि ते नुसतेच वळून निघून आले. न बोलता दुकानातून निघून येणं म्हणजे या गावात कबुलीच. दिवस मावळायच्या आत पलीकडच्या गल्लीतल्या मल्लम्मा आजी झाकण लावून गरम कण्या घेऊन आल्या आणि सरांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "वय झालं की व्हतंय. मनाला लावून घ्यायचं न्हाय." शिवकांताबाईंनी भांडं घेतलं आणि सरांकडं असं बघितलं, की सरांनी कण्या उभ्यानंच संपवल्या.

दुसऱ्या दिवशी सर ग्रामपंचायतीत गेले. जुने कागद पिशवीसारखे वापरता आले असते, पण पुढं ते टाकायचे कुठं? घंटागाडीवाला काही विचारल्याशिवाय हातात घेत नसे. ग्रामपंचायतीत कुमार नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी क्लार्क होता. शाळेत त्याला हत्ती काढता यायचा नाही. सोंड कुठून सुरू करायची हेच त्याला कळत नसे. आता तो खुर्चीत बसून गावाचा कचरा मार्गी लावत होता. त्यानं उठून पाया पडून सगळं ऐकून घेतलं. मग रजिस्टर उघडून पेन सरसावलं.

"सर, ह्ये ओला कचरा म्हनायचा का सुका?"

सरांनी प्रश्न मनावर घेतला. असल्या प्रश्नाला घाईनं उत्तर देणं त्यांच्यातल्या चित्रकाराला पटत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून रोजचं दृश्य समोर आणलं.

"सकाळी ओला," ते म्हणाले, "दुपारपर्यंत सुका."

कुमारनं पेनाचं टोपण लावलं. "मंग अवघड हाय. सकाळी हिरव्या डब्यात आन् दुपारी निळ्या डब्यात, आसं गाडीवाल्याला कोन सांगनार? तिसरा डबा मंजूर न्हाय सर. ठराव घ्यावा लागंल. आन् सध्या स्वच्छ गाव स्पर्धेची तपासनी तोंडावर हाय, सरपंच कशावर सही करत न्हाईत." मग त्यानं आपल्या परीनं मार्ग काढला. "न्हाय उचललं तर चालतंय की सर. इथल्या कुत्र्यांचं कोन उचलतंय?"

हाच तो मुद्दा होता. इथल्या कुत्र्यांचं कुणी उचलत नव्हतं, म्हणून ते कुणाचं आहे असंही कुणी विचारत नव्हतं. मफण्णा मात्र गावात एकटा साखळीतला. त्याचं होतं ते टेकाळे सरांचं होतं. मालक असलेल्या कुत्र्याची घाण ही घाण नसते, ती त्या घराची अब्रू असते.

त्या दुपारी सरांना डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. धुकं होतं. गावातली सगळी कुत्री एका ओळीत चालली होती, शांतपणे, आणि प्रत्येकाच्या तोंडात एकेक हिरवा द्रोण होता. कुणी भुंकत नव्हतं. शिवकांताबाई दारात उभ्या राहून त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडत होत्या. शेवटी मफिन आला, त्यानं द्रोण सरांच्या पायाशी ठेवला, आणि तो रिकामा होता, आत नुसतं दव होतं. सर जागे झाले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि प्रश्न सुटलेला होता.

पळस! सायकल काढून ते शिवारातून पानं घेऊन आले. लहानपणी गावात लग्न निघालं की सगळी पोरं मांडवात बसून पत्रावळ्या लावायची, तो हात अजून गेला नव्हता. कडब्याच्या बारीक चोया काढून त्यांनी टाके घातले. एक द्रोण खाली, त्यावर उपडा दुसरा. वरच्यानं अलगद लोटायचं, खालच्यात घ्यायचं, झाकायचं, काडी टोचायची. बोटाला काही लागत नाही, वास येत नाही, आणि पान पुरलं की मातीत मिसळून जातं. मन लावून केलेली वस्तू होती. सरांनी तिच्याकडं लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि खूप दिवसांनी स्वतःच्या हातांचं त्यांना कौतुक वाटलं.

पहिले काही दिवस स्वप्नासारखेच गेले. मफिन पुढं, सर मागं. माळाच्या कडेला एक कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली खुरप्यानं खड्डा करायचा, द्रोण ठेवायचा, वर राख आणि माती. खिशात साबणाची वडी, पिशवीत पाण्याची बाटली. द्रोण नेताना मात्र तो कलू नये म्हणून सर दोन्ही हातांत, छातीशी, अगदी समतोल धरून चालायचे, पावलं मोजून टाकायचे, आणि तोंड वर करून श्वास रोखून धरायचे. लांबून बघणाऱ्याला तो रोखलेला श्वास भक्तीसारखा दिसायचा.

लांबून बघणाऱ्या होत्या मल्लम्मा आजी. आजींचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीला लागून. पहाटे महादेवाला पाणी घालून त्या परत येत होत्या. धुक्यातून सर आले. हातात झाकलेला द्रोण, डोळे आभाळाकडं. आजींनी पायातल्या चपला काढल्या.

"परसाद व्हय, सर?" त्यांनी ओंजळ पुढं केली.

 मान हलवून नाही म्हणावं तर द्रोण हलत होता. ओंजळ जवळ येत होती. आजींच्या तळहातावर बेलाचं पान होतं.

"नाही, नाही," सर श्वास सोडून म्हणाले, "नैवेद्य आहे."

"कुन्या देवाचा वो?"

"जमिनीचा."

आता हे अगदीच खोटं होतं असं म्हणता येत नाही. येळवस तोंडावर आली होती. आपल्याकडं त्या अमावास्येला सगळं गाव शेतात जाऊन काळ्या आईला नैवेद्य दाखवतं, आंबील शिंपतं, कडब्याच्या कोपीत बसून भज्जी खातं. पण ते वर्षातून एकदा.

"रोज करताव?" आजींनी विचारलं.

"रोज," सर म्हणाले. आणि त्यांच्या प्रामाणिकपणानं इथं तोंड घातलं. "कधीकधी दोनदा."

"अय्यो शिवा," आजी म्हणाल्या, आणि सरांच्या पायाशी वाकल्या. "सगळं गाव वर्सातनं येकदा, आन् तुमी रोज. म्हनून तुमाला हागवनीचा तरास आसून बी तोंडावर ह्ये तेज हाय."

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली हळदकुंकू वाहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी चुना लावलेला दगड आला. मग उदबत्ती, मग झेंडूची फुलं, आणि एका सकाळी सर खुरपं घेऊन पोचले तर कुणीतरी नारळ फोडून गेलं होतं. चार बायका तिथं हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी सरांना वाट करून दिली. सर द्रोण छातीशी धरून उभे राहिले. आतला ऐवज कोमट होता. त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना वाटलं, पण नैवेद्य घ्यायची सवय झालेल्या जमिनीनं माणूस घेतला नाही. "आज उपास आहे," एवढंच बोलून ते द्रोणासकट परत फिरले. जमिनीचा उपास कधी असतो हे बायकांनी आपापसांत बराच वेळ ठरवलं. त्या जागी पुढच्या पावसाळ्यात झेंडू असा काही फोफावला, की बघायला पलीकडच्या वाडीतून माणसं आली. ते कशानं, हे मी सांगत नाही. श्रद्धेला खत लागतंच.

लिंब गेला, म्हणजे नवी जागा बघणं आलं. सरांनी ओढ्यापलीकडच्या बाभळी निवडल्या. तिकडं दिवसासुद्धा कुणी जात नाही. पण तिथली जमीन मुरमाड. खुरपं टणटण वाजायचं, आणि उचलून घेतलं तरी दगडावर ठसा राहायचा. सरांच्या मनाला ते लागलं. मागं काही ठेवायचं नाही म्हणजे नाही. बाटलीतलं पाणी पुरेना, म्हणून त्यांनी माळ्यावरून एक जुना पत्र्याचा डबा काढला, त्याला तारेची कडी लावली, आणि पाणी भरून, कडीत बोट घालून, पहाटे ओढ्याकडं निघाले.

पहाटे ओढ्याकडं डबा घेऊन निघालेल्या माणसाचा या गावात एकच अर्थ होतो. तो अर्थ सरांना बाळपणापासून ठाऊक होता, त्यांनी स्वतः कैक वर्षं त्या अर्थानंच तो डबा नेला होता. पण सर तेव्हा बाभळीवर लटकलेलं धुकं बघत होते. जाळीत दव अडकलं होतं आणि प्रत्येक थेंबात एकेक उलटं शिवार टांगलेलं होतं. मफिननं मुरमावर आपलं काम उरकलं आणि तो ज्वारीत घुसला. सर द्रोण काढायला खाली वाकले.

शिट्टी वाजली.

"हालू नका. बसा तसंच. न्हाय, उटा. उटा आता."

धुक्यातून बॅटऱ्या पेटल्या. पुढं मफलर गुंडाळलेले सरपंच बब्रुवान भाऊ, मागं हातात गुलाबाची फुलं घेतलेला कुमार, आणि त्याच्या मागं आणखी दोघं. तपासणी समिती येणार म्हणून ग्रामपंचायतीनं गुड मॉर्निंग पथक पुन्हा सुरू केलं होतं. उघड्यावर बसणाऱ्याला रागवायचं नाही. फूल द्यायचं, फोटो काढायचा, आणि मग त्याला आयुष्यभर स्वतःच लाजत राहू द्यायचं, अशी ती योजना.

"सर?" कुमार म्हणाला.  "तुमी?"

बब्रुवान भाऊंनी बॅटरीचा झोत आधी डब्यावर टाकला, मग सरांच्या पायाशी. मुरमावर पुरावा ताजा होता. त्यातून धुक्यासारखीच वाफ निघत होती.

"सर," कुमारनं आवाज खाली आणला. त्याला मनापासून सरांना सोडवायचं होतं. "ह्ये मफण्णाचं आसंल की. त्येचंच हाय न्हवं?"

"कुत्र्याचं आसंल तर मालकाला लेखी नोटीस," बब्रुवान भाऊ म्हणाले. "ह्या टायमाला तोंडी काय बी न्हाय. समितीला कागद दाखवावा लागतोय. घरी पोचती करायची, सही घ्यायची."

 नोटीस घरी येणार. दार शिवकांताबाई उघडणार. लेखी तक्रार, शिक्क्यासकट. आणि मफिन पुण्याच्या संस्थेत, अनोळखी माणसाच्या दारात, रोज पहाटे कुणाचा तरी हात शोधत. सरांनी एकदा ज्वारीकडं बघितलं. ताटं कुठंतरी आत हलत होती. मग त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"माझं आहे," ते म्हणाले.

कुमारला कळेना. "काय, सर?"

"ते. माझंच आहे."

 बब्रुवान भाऊ वाकले. त्यांनी बॅटरी जवळ नेऊन बराच वेळ बघितलं. माणूस शेतकरी, जित्राबं सांभाळलेली, नजर तयार. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"सर," ते हळुवारपणे म्हणाले, "रागावू नका, पन जेवान लई कमी झालंय तुमचं. तालुक्याला जाऊन दाखवून घ्या."

"हो," सर म्हणाले.

कुमारनं फूल दिलं. सरांनी घेतलं. एका हातात गुलाब, एका हातात डबा, मागं धुकं. फोटो खरं तर फार चांगला आला. उजेड मऊ होता, आणि सरांचे डोळे नेहमीप्रमाणं वर होते.

फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर घरी पोचायच्या आत पोचला. सरांनी शिकवलेल्या तीन पिढ्यांनी तो बघितला. कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणी 'गेट वेल सून सर' लिहिलं, ते बहुतेक बसवेशनं. मल्लम्मा आजींनी नातवाकडून बोलून पाठवलं, की साधू माणसाला आतबाहेर सारखंच असतं. दुपारी कुमार पडलेल्या चेहऱ्यानं घरी आला. पकडलेल्याच्या घरी शौचालय आहे का, याची पडताळणी करून लाभार्थी आणि शौचालय यांचा एकत्र फोटो जोडायचा होता. घरात दोन होती. त्यामुळं सरांचे दोन फोटो झाले, दाराला हात लावून. दुसरं उघडलं तर आत गुंडाळी करून ठेवलेली सरांची जुनी चित्रं निघाली. कुमारनं नियमाप्रमाणं 'वापरात नाही' असं लिहिलं. तेवढ्या दोन शब्दांनी सरांचा चेहरा उतरला.

 संध्याकाळी भाकरी टाकता टाकता शिवकांताबाईंनी विचारलं, "तुम्ही खरंच गेला होतात?"

"हो."

"घरात दोन असताना?"

"मोकळं वाटतं," सर म्हणाले.

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "सकाळी निघायच्या आधी तुम्ही घरातच जाऊन आलात. पाणी संपलं म्हणून मीच मोटर लावली होती." त्यांनी सरांकडं बघितलं नाही. दारातल्या पायपुसण्यावर मफिन हनुवटी टेकून झोपला होता, त्याच्याकडं बघितलं. 

शिक्षा अजून बाकीच होती. पकडलेल्यानं ग्रामसभेत उभं राहून शपथ घ्यायची असा ठराव होता. ग्रामसभा शाळेच्या मैदानात, त्याच व्यासपीठासमोर, जिथून सर दरवर्षी चित्रकलेची बक्षिसं वाटायचे. त्या दिवशी धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं आणि प्रत्येक माणसाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. कुमारनं सरांच्या हातात छापील शपथ दिली. सर उभे राहिले. चष्मा लावला. "मी महारुद्र विश्वनाथ टेकाळे," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढची ओळ ते बोटानं शोधायला लागले. बायकांच्या बाजूला शिवकांताबाई ताठ बसून होत्या.

सरांनी दुसऱ्यांदा तोंड उघडलं तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून साखळी खुळखुळवत मफिन आला. घरी बांधून ठेवलेला, खुंटी उपटून आलेला. एवढी माणसं आणि मध्ये आपला माणूस एकटा उभा, हे बघून त्याला भरून आलं असावं. तो सरांच्या पायाशी घुटमळला, व्यासपीठासमोर आला, स्वतःभोवती फिरला, आणि सगळ्या गावासमोर, सरपंचांच्या खुर्चीच्या सरळ रेषेत, पाठ वाकवून बसला.

कुणी हाकललं नाही. सगळे बघत राहिले. मफिन उठला, पाय झाडले, आणि सरांच्या धोतराआड जाऊन उभा राहिला.

बब्रुवान भाऊ खुर्चीतून उठून खाली आले. वाकले. उन्हात त्यांना बॅटरी लागली नाही. आकार, रंग, पोत, सगळं त्यांनी नीट बघून घेतलं, आणि सावकाश मान वर केली.

"सर," ते म्हणाले, "ह्ये तर त्या दिवशीसारखंच हाय."

मैदानभर कुजबूज सुरू झाली. कुमार कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हंजे त्या दिवशीचं तुमचं नव्हतंच. मंग माझं हाय माझं हाय म्हनून कशाला सांगितलाव सर?"

  सरांना लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी होतं. आता संपलं, हे त्यांना कळलं होतं. खोटं बोलूनही राखता आलं नाही. हात आपोआप खाली गेला आणि मफिनच्या कानाला लागला.

"नियम म्हंजे नियम," बब्रुवान भाऊ खुर्चीकडं वळले. त्यांनाही ते गोड वाटत नव्हतं. "कुमार, टेकाळे सरांच्या नावानं नोटीस लिही."

"थांबा हो भाऊ."

शिवकांताबाई उठल्या होत्या. बायकांच्या मधून वाट काढत त्या पुढं आल्या. पदर खोचला. त्यांनी सरांच्या हातातला शपथेचा कागद काढून घेतला, कडक होता, तपासणीसाठी म्हणून चांगला छापलेला. त्याचा त्यांनी शेंगांचा पुडा करावा तसा पुडा केला, वाकल्या, आणि एका हाताच्या झटक्यात मैदानावरचं सगळं आत घेऊन पुड्याचं तोंड मुडपलं. जमिनीवर ठसासुद्धा राहिला नाही. सर बघत राहिले. इतके दिवस द्रोण लावून त्यांना ते इतकं साफ जमलं नव्हतं.

"लेकराचं आई काढती," बाई सरपंचांना म्हणाल्या, "त्याची काय नोटीस काढताव?"

बब्रुवान भाऊंनी कुमारकडं बघितलं. कुमारनं पेनाचं टोपण लावलं. पुढच्या रांगेत मल्लम्मा आजी पदरानं डोळे पुसत होत्या.

बाई पुडा लांब धरून फाटकाकडं निघाल्या. सर तिथंच उभे होते, मफिन त्यांच्यात आणि बाईंच्यात मान वळवत. बाई थांबल्या, मागं न बघता म्हणाल्या, "मफिन, चल." तो साखळी खुळखुळवत त्यांच्या मागं पळाला. सर त्याच्या मागं. फाटकाबाहेर गेल्यावर बाईंनी चाल थोडी हळू केली.

"घरी गेल्यावर साबण काढून ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि उद्या पहाटे निघाल की मला पण उठवा."